जुना फोर बाय फोर पिकअप: मीटर, ब्रेक आणि अडकलेला लिव्हर. आधी काय उघडायचं?

कोलशेत_पिकअप

नमस्कार मंडळी. गाडी २००६ ची, डबल केबिन पिकअप, अडीच लिटर टर्बो डिझेल. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जातो. स्पीडोमीटर केबलवर चालणारा, पुढे डिस्क, मागे ड्रम. ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी गियरपेटी) हाताचा लिव्हर आणि पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब लॉक (चाक ॲक्सल शाफ्टला जोडणारे-सोडणारे नॉब).

गेल्या महिन्यात मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा (स्प्रिंगची पट्टी) टाकला आणि मागचे दोन टायर नवे घेतले, २३५/७५ आर १५. पुढे जुनेच आहेत, २१५/७५ आर १५. आता तक्रारी.

मीटर: २० ते ४० च्या मध्ये सुई थरथरते, वर गेल्यावर स्थिर होते. मीटरवर ६० असताना मोबाइलचं जीपीएस ६३ दाखवतं. मीटरच्या काचेला आतून तेलकट पापुद्रा आलाय.

ब्रेक: सिग्नलला लागोपाठ दोन-तीनदा पेडल दाबलं की दगडासारखं कडक. रात्री त्याच वेळी हेडलाइटही मंद होतात. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. माल भरून गायमुखच्या उतारावर मागून काहीच आधार मिळत नाही, सगळं पुढच्या चाकांवर येतं.

फोर बाय फोर: भिवंडीकडे पाणी साचलं होतं तिथे फोर-एच (चारही चाकांना ओढ) टाकला, पाण्यातून निघालो. पुढे डांबरीवर वळताना गाडी उड्या मारायला लागली आणि लिव्हर टू-एचला (फक्त मागच्या चाकांना ओढ) येईना. शेवटी गॅरेजवाल्याने हब जोर लावून फ्री केले, मग लिव्हर सुटला. आठवड्याने साइटवर चिखलात हब लॉक करून फोर-एच टाकला तर पुढची चाकं ओढतच नाहीत. डॅशबोर्डवरचा दिवा मात्र लागतो.

गॅरेजचं म्हणणं: मीटर बदला, बूस्टर (व्हॅक्यूमने ब्रेक पेडल हलकं करणारा डबा) बदला, ट्रान्सफर केस उतरवून उघडा. खरंच एवढं लागेल का, आणि सुरुवात कुठून करू?

तुर्भे_फिटर

मीटर आणि लिव्हर राहू द्या, ब्रेक आधी. निदान होईपर्यंत माल भरून गायमुख किंवा मुंब्रा बायपासचा उतार नको.

तुम्ही ब्रेकच्या तीन तक्रारी लिहिल्यात आणि तिन्हींची मुळं वेगळी दिसतात. बूस्टर बदलून त्यातली एकही न जाण्याची शक्यता बरीच आहे.

कडक पेडल. डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये बूस्टरला पुरेल एवढा व्हॅक्यूम नसतो, म्हणून वेगळा पंप लागतो. तुमच्या काळातल्या बहुतेक पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीला, त्याच शाफ्टवर बसवलेला असतो. दिवे मंद आणि पेडल कडक हे एकाच वेळी होतंय, म्हणजे संशय बूस्टरच्या आधी अल्टरनेटरच्या बेल्टवर जातो. बेल्ट घसरला की चार्जिंगही पडतं आणि व्हॅक्यूमही. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा. १० मिमीच्या आसपास दबला तर ठीक, त्याहून फार सैल असेल किंवा आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल तर बेल्ट बदलूनच पुढचं बघा.

बेल्ट बरोबर असूनही पेडल कडक होत असेल तर या दोन चाचण्या. पहिली: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक झालं की तसंच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. सरकलं नाही तर बूस्टरपर्यंत व्हॅक्यूम पोचत नाही, किंवा बूस्टर गेला. दुसरी: इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा आणि सावकाश तीनदा दाबा. पहिल्यांदा खोल, मग प्रत्येक वेळी थोडं वर, असं व्हायला हवं. पहिल्याच दाबाला कडक असेल तर व्हॅक्यूम कोंडून राहत नाही. होज पाइपमधला एकतर्फी व्हॉल्व्ह आधी बदला, स्वस्त आहे. नंतर बूस्टरमधला डायफ्रॅम (रबरी पडदा).

बूस्टरकडचा होज काढून आत बोट फिरवा. इंजिन ऑइल लागलं तर पंपाकडून तेल येतंय. या पंपाला इंजिनातून बारीक पाइपने तेल मिळतं आणि जाड पाइपने ते परत सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) जातं. परतीचा पाइप तुंबला की तेल व्हॅक्यूमच्या लाइनमध्ये शिरतं, बूस्टरचं रबर फुगतं आणि नवा बूस्टरही थोड्याच दिवसांत जातो. व्हॅक्यूम गेज मिळालं तर पंपाच्या तोंडाला लावा, आयडलिंगला ६०० मिमी पाऱ्याच्या आसपास दाखवायला हवं. आणि अल्टरनेटरचं वाइंडिंग भरून आणलात तर बसवण्याआधी पंपात थोडं इंजिन ऑइल सोडून पुली हाताने फिरवा. कोरडा फिरला तर पंपाच्या पात्या पहिल्याच मिनिटात खरवडतात.

डावीकडे ओढणं. याचा अर्थ डावा ब्रेक जास्त लागतोय असा लोक घेतात. बहुतेकदा उजवा कमी लागत असतो. एक नेमकं बघून सांगा: ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर उजवीकडे जाते का? आणि पाच-सहा किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारत चालवून पुढच्या दोन्ही रिमजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. कोणती जास्त तापलीय?

मागचं बाकी उत्तरानंतर. तो जादा पाटा माझ्या लक्षात आहे.

मापात_राहा

वर ब्रेकचं नीट चाललंय. मी टायरपुरतं बोलतो, कारण मीटर आणि लिव्हर दोन्हींची मेख तिथेच आहे.

२१५/७५ आर १५ चा व्यास हिशेबाने ७०३.५ मिमी. २३५/७५ आर १५ चा ७३३.५. फरक ४.३ टक्के. मीटरची केबल ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुटवरून फिरते, म्हणजे मीटर मागचीच चाकं मोजतो. चाक मोठं झालं, फेरे कमी झाले, मीटर कमी सांगायला लागला. ६० ला ६२.६ निघतात, तुमचं जीपीएस ६३ म्हणतं. मीटरने काही गुन्हा केलेला नाही.

थरथर वेगळी. ती केबलची. आतली तार कोरडी पडली किंवा बाहेरच्या नळीला कुठे तीव्र बाक बसला की तार पीळ खात आणि सोडत फिरते, कमी वेगात सुई नाचते आणि वेग वाढला की पीळ टिकून सुई स्थिर होते. मीटरमागून केबल सोडवा, आतली तार ओढून बाहेर काढा. जमिनीवर सरळ ठेवून एक टोक बोटांत फिरवा. दुसरं टोक एकसारखं न फिरता गचके देत असेल तर तार वाकली आहे, ती सरळ करत बसू नका. ठीक असेल तर रॉकेलने पुसून खालच्या दोन तृतीयांश भागालाच पातळ ग्रीसचा हात द्या. वरच्या भागाला अजिबात नको, ते ग्रीस चढत मीटरमध्ये जातं. बसवताना वळणं मोठी ठेवा, वीतभर तरी.

काचेवरचं तेल ग्रीसचं नसावं. ट्रान्सफर केसमध्ये केबल जिथे शिरते तिथल्या स्लीव्हला आत एक छोटा ऑइल सील आणि बाहेर ओ-रिंग असते. आतला सील गेला की गियर ऑइल तारेच्या पिळांवरून स्क्रूसारखं वर चढतं, थेट मीटरपर्यंत. मीटरमध्ये फिरतं चुंबक एका ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतं, त्या वाटीवर सुई. तिथे तेल गेलं की सुई जड होते. सील न बदलता मीटर बदललात तर नवा मीटरही तेलात.

मीटर जिवंत आहे का ते तपासायला ड्रिल मशीन पुरतं. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणून एका किलोमीटरला केबलचे जितके फेरे, तितक्याच आरपीएमला मीटरने ६० दाखवायला हवं. जपानी पद्धतीच्या मीटरला हा आकडा ६३७, काही युरोपीय मीटरना १०००, आणि बऱ्याचदा तो डायलवर बारीक अक्षरात छापलेला असतो. वेग कमी-जास्त करता येणाऱ्या ड्रिलमध्ये चौकोनी टोक धरून हळूहळू वाढवा. किलोमीटरचे आकडे उलटे जात असतील तर दिशा उलट आहे. स्पीड गव्हर्नर (वेग मर्यादेत ठेवणारं यंत्र) बसवलेला असेल तर त्याचा सेन्सर केबलच्या मधेच जोडलेला आहे का तेही बघा, सैल जोड तिथेही सापडतो.

आता लिव्हर. टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. चारही टायरमध्ये सारखी हवा भरा, खडूने टायरवर आणि जमिनीवर खूण करा, गाडी सरळ ढकलून चाकाचा बरोबर एक फेरा होऊ द्या आणि अंतर टेपने मोजा. पुढचं एक, मागचं एक. आकडे इथे टाका.

कोलशेत_पिकअप

मोजलं. पुढे २ मीटर १३ सेंमी, मागे २ मीटर २५. पुढचे टायर बरेच झिजलेत, म्हणून फरक हिशेबापेक्षा वाढला असावा.

ब्रेक सोडल्यावर गाडी खरंच किंचित उजवीकडे जाते, आतापर्यंत लक्ष गेलं नव्हतं. ठाणे-बेलापूर रस्त्याने महाप्यापर्यंत जाऊन बघितलं, उजवी रिम हात लावू देत नाही, डावी कोमट. बेल्ट सैल होता, अंगठ्याने सहज २५ मिमी दबत होता. ताणल्यावर दिवे सुधारले, पेडलही पुष्कळ हलकं झालं. बूस्टरच्या दोन्ही चाचण्या पास.

तुर्भे_फिटर

बूस्टर वाचला. बेल्ट ताणून टिकला नाही तर नवा टाका, घसरलेला बेल्ट पुन्हा घसरतोच.

दाबताना डावीकडे आणि सोडल्यावर उजवीकडे, शिवाय उजवी रिम गरम. ही उजव्या पुढच्या रबरी होज पाइपची खूण आहे. बाहेरून पाइप छान दिसतो, आतून रबर सुजून भोक बारीक होतं. दाबताना ब्रेक ऑइल उशिरा पोचतं, सोडल्यावर उशिरा परततं. खात्री अशी करा. मागच्या चाकांना ठोकळे लावा, उजवं पुढचं चाक जॅकवर घेऊन खाली स्टँड द्या. दोन-तीनदा जोरात ब्रेक मारून सोडा, चाक हाताने फिरवा. अडकलं असेल तर डिस्कला पकडणाऱ्या कॅलिपरचं निप्पल (हवा काढायचा छोटा स्क्रू) सैल करा. ऑइल चिळकांडीने येऊन चाक मोकळं झालं तर दाब अडकला होता. नाही झालं तर पिस्टन किंवा सरकत्या पिना जाम. दाब अडकलेला सापडला तर निप्पल आवळून पुन्हा अडकवा आणि या वेळी होजच्या वरच्या टोकाला, लोखंडी पाइपचा जोड सैल करा. तरीही चाक अडकलेलंच राहिलं तर होज नक्की. मोकळं झालं तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडे. पेडलकडून मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या पुशरॉडला मोकळीक आहे का ते बघा. होज नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदला, वय दोघांचं सारखंच असतं. आणि काम करताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

मागे आधार नसणं. चॅसी आणि मागच्या हौसिंगच्या (ॲक्सलच्या लोखंडी आवरणाच्या) मध्ये एक दांडी आणि तिला जोडलेला व्हॉल्व्ह दिसेल, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. माल भरला की चॅसी खाली बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. तुम्ही पाटा वाढवलात, गाडी मागून उचलली गेली आणि मालानेही पूर्वीइतकी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. दांडीचा ब्रॅकेट नव्या उंचीला जुळवून घ्यावा लागतो, आणि ते पुढे-मागे प्रेशर गेज लावून करायचं काम आहे, अंदाजाने नाही. जादा पाटा काढून टाकणं हा सोपा मार्ग. दांडी तारेने वर बांधून व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवण्याची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. पावसात रिकामी गाडी ब्रेकला मागून फिरते.

तरी ड्रम एकदा उघडाच. साचलेल्या पाण्यातून गाडी गेलीय, एक्सलचा सील गळून ब्रेक शूचे लायनर तेलात भिजलेले असू शकतात. भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवणारे खूप आहेत. तेल आत मुरलेलं असतं, गरम झालं की पुन्हा वर येतं. दोन्ही बाजूंचे नवे घाला.

हवा काढताना क्रम लांबून जवळ: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मागची हवा काढताना चॅसी जॅकवर घेऊन चाकं लोंबकळत ठेवू नका, तो व्हॉल्व्ह मागची लाइन दाबून धरतो आणि तासभर पंप करूनही पेडल स्पंजासारखं राहतं. गाडी चाकांवरच उभी हवी. ऑइल झाकणावर लिहिलेलंच, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि नवीन फोडलेल्या डब्यातलं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ३ कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर १४० ची हमी. खाडीकाठच्या आपल्या हवेत दोन वर्षांच्या पुढे नेऊ नये.

कळवा_डिझेल

फोर बाय फोरबद्दल. ट्रान्सफर केस उतरवू देऊ नका, निदान आत्ता तरी.

तुमच्या दोन तक्रारी एकमेकींना छेद देतात, आणि तिथेच उत्तर आहे. पहिल्या दिवशी गाडी वळताना उड्या मारत होती, म्हणजे पुढची चाकं व्यवस्थित ओढत होती. पुढची ओढ नसेल तर गाडी अशी ताणलीच जात नाही. आठवड्याने ओढ नाही. मधे काय झालं? हब जोराने फ्री केले. हबच बघायचे.

आधी लिव्हर का अडकला ते. या प्रकारात मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारी गियरची जोडणी) नसतो, फोर-एचला पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे लांब दांडे) एकाच गतीने बांधले जातात. तुमच्या मापाने दर फेऱ्याला मागचं चाक १२ सेंमी पुढे जायला बघतं. किलोमीटरला पुढचं चाक ४६९ फेरे मागतं, मागचं ४४४. चिखलात चाकं घसरून हे भागवून घेतात. डांबर घसरू देत नाही, सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो आणि ट्रान्सफर केसमधली सरकती स्लीव्ह त्या दाबाखाली जाम होते. टायर सारखे असले तरी वळणावर थोडं हे होतंच, म्हणून कोरड्या रस्त्यावर फोर-एच नको. सुटत नसेल तर सरळ रेषेत अगदी हळू रिव्हर्स घ्या आणि लिव्हरवर हलका हात ठेवा. आधीचा पीळ उतरून उलटा चढण्याआधी एक क्षण असा येतो की दाब शून्य असतो, लिव्हर तिथेच निसटतो. हिसके देऊ नका, नायलॉनचे बुश आणि आतला फोर्क वाकतो. अगदीच नाही तर पुढचं एक चाक जॅकने उचला. पीळ सुटताना चाक झटक्याने फिरतं, हात दूर.

आता चाचणी. मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक, गियर न्यूट्रल, लिव्हर टू-एच. पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर. एक हब लॉक, दुसरा फ्री. लॉक केलेलं चाक हाताने फिरवा, त्याच्या आतला ॲक्सल शाफ्ट सोबत फिरला पाहिजे. मग उलट करून दुसरा हब. ज्या बाजूला नॉब लॉकवर असूनही शाफ्ट स्थिर राहतो, तो हब धरत नाही. आणि एक जरी हब धरत नसेल तरी पुढच्या दोन्ही चाकांची ओढ जाते, कारण डिफरन्शियल सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूला सोडून देतो.

दोन्ही हब धरत असतील तर दोन्ही लॉक करा, लिव्हर फोर-एचला आणि एक चाक फिरवा. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट जागेवर राहून समोरचं चाक उलटं फिरलं तर ट्रान्सफर केस बरोबर. शाफ्ट फिरला तर स्लीव्ह बसलेली नाही. आधी लिव्हरची लिंक, तिचे बुश आणि गंज तपासा, पेटी उघडणं सगळ्यात शेवटी. डॅशबोर्डच्या दिव्यावर जाऊ नका. त्याचा स्विच फक्त शिफ्टचा दांडा सरकला एवढंच ओळखतो, हबचं त्याला काही ठाऊक नसतं.

हब उघडणं अवघड नाही. झाकणाचे छोटे बोल्ट, आतला नॉब, स्प्रिंग आणि सरकती दात्यांची कडी. रॉकेलने धुवा, पूर्ण सुकवा, दात्यांच्या कडा गोल झाल्यात का आणि स्प्रिंग तुटलीय का बघा. बेअरिंगचं जाड ग्रीस आत ठासून भरणं हीच नेहमीची चूक. ग्रीस घट्ट होतं आणि कडी अर्ध्यात थांबते. बोटाने पातळ लेप पुरे. ओ-रिंग नवी घाला. नॉब फक्त हाताने फिरवा, पकड लावायची नाही. न गेला तर चाक इंचभर पुढे-मागे करा, दाते जुळले की जातो.

पाण्यातून गेलात म्हणून दोन्ही हौसिंग आणि ट्रान्सफर केसचं ऑइल थेंबभर काढून बघा. दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर सगळं बदला. हौसिंगवरचा श्वासनळीचा छोटा व्हॉल्व्ह चिखलाने बंद असतो, तो फुंकून मोकळा करा. बंद असेल तर गरम हौसिंग पाण्यात थंड होताना आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. पुन्हा तापली की तेल बाहेर ढकलते, थेट वर म्हटलेल्या लायनरवर.

कोलशेत_पिकअप

उजवा हब धरत नाही, चाचणीत कळलं. आतली कडी जुन्या ग्रीसमध्ये रुतून बसली होती. होज आणि हबचे ओ-रिंग मागवले. मागचा डावा ड्रम उघडला तर लायनर ओला, सील आणि दोन्हीकडचे लायनर घेतोय. पाटा काढतो.

एक विचारायचं राहिलं. पुढेही २३५ टाकले आणि मीटरचा छोटा गियर बदलून घेतला तर चालेल का? की मागचे विकून चारही २१५ करू?

मापात_राहा

चारही २१५. आरसी आणि दारावरच्या पट्टीवर जो साइज आहे तोच, फिटनेसच्या वेळी प्रश्नच नको. आणि मोठ्या चाकाने ब्रेकवरचा भारही वाढतो, तुमच्या ब्रेकला आत्ता ते नको आहे. नवे-जुने मिसळणार असाल तर खडूच्या मापात पुढे-मागे फरक सेंटिमीटरभराच्या आत ठेवा आणि टायरची वेळेवर पुढे-मागे अदलाबदल करत जा.

२३५ च ठेवायचे ठरवलंत तर केबलचा गियर कमी दात्यांचा लागतो, जास्त नव्हे. इथे हमखास उलटं होतं. चाक कमी फिरतंय, म्हणून केबल जास्त फिरवायची. आता २३ दाते असतील तर २२ चा घातल्यावर मीटर साडेचार टक्क्यांनी वाढतो, तुमचा फरक जवळपास भरून निघतो. आधी आपल्या गियरचे दाते मोजा.

कोणताही टायर ठेवा, मीटर केबलचा तो आतला सील बदलायला स्लीव्ह काढावीच लागेल. काढण्याआधी भोवतालचा सगळा चिखल ब्रशने आणि कापडाने साफ करा, नाहीतर बोल्ट सुटताच तो सरळ ट्रान्सफर केसमध्ये पडतो.